गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याचे रक्त

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी मुलींच्या वैद्यकीय शिक्षणावर बोलावे. तो विषय महत्त्वाचा आहे. पण येथे बसलेल्या पालकांपैकी अनेकांच्या घरी आज एक वेगळाच प्रश्न आहे. अम्मीचे गुडघे गेले आहेत, दादीला जमिनीवर बसता येत नाही, नमाज खुर्चीवर बसून पढावी लागते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि सोबत "दोन बाटल्या रक्ताची सोय करा" असेही सांगितले आहे. हे दुसरे वाक्य ऐकले की घरातली माणसे घाबरतात. आज मी त्या दुसऱ्या वाक्यावरच बोलणार आहे. मी भूल देणारी डॉक्टर आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोग्याच्या उशाशी माझी जागा असते, आणि रक्त चढवायचे की नाही हा निर्णय पुष्कळदा माझ्याकडेच येतो.

प्रथम माझी एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. वैनगंगेच्या काठच्या एका गावातील वृद्ध बाईंचा गुडघा बदलायचा होता. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मी नातेवाइकांना दोन पिशव्या आणायला सांगितल्या. मुलगा आणि पुतण्या रात्रीच्या एस.टी.ने आले, रक्त दिले, आणि त्या दोन पिशव्या बाईंच्या नावाने जुळवून बाजूला ठेवल्या गेल्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. रक्त लागले नाही. तरीही "असू द्या, उद्या लागेल, परवा लागेल" म्हणून मी त्या पिशव्या दोन दिवस सोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला कळले की त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, त्याच रक्तगटाचा एक दहा वर्षांचा मुलगा रक्ताची वाट पाहत पडून होता. सिकलसेलचा रोगी. त्याचा बाप दोन दिवस दाता शोधत गावभर फिरत होता. अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला. पण त्या बापाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. माझ्या सवयीमुळे त्याला दोन दिवस वणवण करावी लागली. तेव्हापासून कोणाच्याही नावाने रक्त मागण्यापूर्वी मी स्वतःला विचारते, "हे खरोखर लागणार आहे का? आणि लागू नये म्हणून मी काय केले?"

आपल्या भागात हा प्रश्न का विचारायचा, हेही सांगते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. जिल्हे दोन झाले, पण जंगल तेच आणि अंतरेही तीच. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. पावसाळ्यात नाले भरले की भामरागडकडची गावे तुटतात. गावोगावी रक्तपेढी असू शकत नाही. रक्त कारखान्यात तयार होत नाही, ते माणसाकडूनच माणसाला मिळते. नेहमीच्या पद्धतीने साठवलेल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. त्यात आपल्याकडे मलेरिया आहे, आणि मलेरिया झालेल्या माणसाला बरा झाल्यावरही तीन महिने रक्तदान करता येत नाही. दात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो लागते. आपल्या धानपट्ट्यातील कितीतरी बायाबापड्या या दोन अटींतच गळतात. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन रक्त विकण्याच्या धंद्यावर बंदी घालण्याचा आदेश दिला आणि १९९८ च्या आरंभापासून तो अमलात आला. हे योग्यच झाले. पण याचा अर्थ असा की प्रत्येक पिशवीमागे कोणीतरी भला माणूस उभा आहे. त्याचे दान जपून वापरणे हे आपले कर्तव्य ठरते.

आणि या रक्ताची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे? अपघातात सापडलेल्याला आहे, बाळंतपणात रक्तस्राव होणाऱ्या मातेला आहे, आणि सिकलसेल व थॅलेसेमियाच्या मुलांना आहे. विदर्भातील सिकलसेल ही नवी गोष्ट नव्हे. १९५८ मध्येच डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लान्सेट' या नियतकालिकात लिहिले होते. पुढे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या पाहणीतच या जिल्ह्यात हा आजार दिसून आला. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली. या मुलांना रक्ताला पर्याय नसतो अशी वेळ येते. गुडघ्याच्या रोग्याला मात्र पर्याय आहे. म्हणून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वाचवलेली पिशवी खालच्या मजल्यावरच्या मुलाला मिळू शकते, हा हिशेब मनात ठेवून पुढचे ऐका.

आता गुडघ्याकडे येऊ. लोक म्हणतात, "वाटी बदलली." प्रत्यक्षात बहुधा वाटी बदलत नाहीत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक, यांवरची झिजलेली कूर्चा आणि हाडाचा काही मिलिमीटरचा थर कापून काढतात. त्यावर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये चिवट प्लॅस्टिकची गादी ठेवतात. १६ ऑगस्ट २०१७ रोजी सरकारने या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हापासून मध्यमवर्गीय कुटुंबांनाही ही शस्त्रक्रिया थोडी आवाक्यात आली आहे. साहजिकच रोगी वाढले आणि रक्ताची मागणीही वाढली.

हाड कापले की ते पाझरते. टेबलावर दिसते त्याहून अधिक रक्त नंतर आतल्या आत, मांसात आणि सांध्यात साठते. दोन्ही मिळून सुमारे एक लिटर, कधी त्याहूनही थोडे अधिक रक्त जाऊ शकते. हिमोग्लोबिन दोन ते तीन ग्रॅमने खाली येते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे गणित त्यावर आहे.

समजा, एका बाईंचे हिमोग्लोबिन शस्त्रक्रियेपूर्वी १३ आहे. तीन ग्रॅम गेले तर १० उरले. त्यांना रक्ताची गरज नाही. दुसऱ्या बाईंचे मुळातच ९.५ आहे. तेवढेच तीन ग्रॅम गेले तर उरले ६.५. त्यांना रक्त द्यावेच लागेल. दोघींची शस्त्रक्रिया तीच, डॉक्टर तेच. फरक पडला तो टेबलावर येण्यापूर्वी. म्हणजे रक्त लागणार की नाही, हे पुष्कळ अंशी शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरत नाही. ते महिना-दीड महिना आधी तुमच्या घरात ठरते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी, किमान चार ते सहा आठवडे आधी, हिमोग्लोबिन तपासून घ्या. कमी निघाले तर "वयच झाले, रक्त कमी असणारच" असे म्हणू नका. वय हे रक्त कमी होण्याचे कारण नव्हे. कारण शोधावे लागते. गुडघ्याच्या रोग्यांत एक कारण मी वारंवार पाहते. अम्मी पाच-सात वर्षे गुडघ्यासाठी दुकानातून वेदनेच्या गोळ्या आणून घेत असतात. त्या गोळ्यांनी जठराला जखम होते आणि तिथून थोडे थोडे रक्त झिरपत राहते. काळी, डांबरासारखी शौचास होते, पण लाजेने कोणी सांगत नाही. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीनेच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला लागणारे रक्त घालवलेले असते. दुसरे कारण मूळव्याध. तिसरे कारण शेतात अनवाणी चालणाऱ्यांच्या पोटातले आकडेकृमी. चौथे कारण ताटात आहे.

या चौथ्या कारणाविषयी थोडे स्पष्ट बोलते, कोणी राग मानू नये. आपल्या घरांत मटण-कलेजी शिजते, पण रोज नव्हे. जेव्हा शिजते तेव्हा आधी पुरुषांना, मग मुलांना, आणि शेवटी भांड्याच्या तळाशी उरलेला रस्सा बाईला, असा क्रम अजून अनेक घरांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील १०० पैकी ५७ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. ज्या मुलीचे रक्त पंधराव्या वर्षी कमी होते तिचेच पुढे बाळंतपणात कमी असते, आणि तीच साठाव्या वर्षी गुडघा घेऊन आमच्याकडे येते. दोन बाटल्यांची मागणी इतक्या लांबून चालत आलेली असते.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिने नियमित घेतल्या तर पुष्कळांचे रक्त भरून येते. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहासोबत घेऊ नये. चहातील घटक लोह शरीरात शिरू देत नाहीत. रमजानात इफ्तार उघडताच चहा पिण्याची सवय असेल तर गोळी आणि चहा यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. पोटाला गोळी सोसत नसेल किंवा वेळ थोडा असेल तर शिरेतून, सलाईनमधून लोह देता येते. त्याचा गुण तीन-चार आठवड्यांत दिसू लागतो. हे रक्त चढवणे नव्हे. आपल्याच शरीराला रक्त तयार करण्यासाठी कच्चा माल पुरवणे आहे. मात्र एक सावधगिरी ठेवा. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असे नेहमी नसते. कोणाला बी-१२ जीवनसत्त्व कमी असते, कोणाला मूत्रपिंडाचा विकार असतो, आणि आपल्या भागात सिकलसेल असतो. म्हणून तपासणीशिवाय गोळ्या गिळू नयेत.

ज्यांना हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत. विशेषतः ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे त्यांच्या जिवावर बेतू शकते. दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदलावेत की काही महिन्यांच्या अंतराने, हेही विचारावे. खर्च आणि सुट्टी वाचावी म्हणून पुष्कळ लोक दोन्ही एकदम मागतात. पण दोन्ही एकदम केले तर रक्तही तेवढेच अधिक जाते आणि ते चढवण्याची पाळी येण्याचा संभव वाढतो.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या वेळची. येथे एका औषधाची ओळख करून देते. त्याचे नाव ट्रॅनेक्सॅमिक आम्ल. जपानमधील उताको ओकामोतो या महिला संशोधकाने आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांनी ते शोधले आणि १९६२ मध्ये त्याविषयी प्रसिद्ध केले. बाळंतपणात रक्तस्रावाने स्त्रिया मरतात, ते थांबवावे ही त्यांची तळमळ होती. येथे बसलेल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. हे औषध कसे काम करते? धानाच्या बांधीची पाळ फुटली की आपण माती टाकून भगदाड बुजवतो. पण वाहते पाणी ती ओली माती हळूहळू खात राहते. शरीरातही तसेच होते. जखमेवर रक्ताची गुठळी बसते आणि शरीरातलाच एक घटक ती विरघळवू लागतो. हे औषध त्या घटकाला गुठळीवर बसू देत नाही. पाळ टिकते. औषध स्वस्त आहे, जुने आहे, शिरेतून देता येते, सांध्यातही सोडता येते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ते दिल्यावर रक्त चढवण्याची गरज पुष्कळ कमी होते, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. ज्यांना नुकतीच शिरेत गुठळी झाली आहे किंवा झटके येतात त्यांच्याबाबत मात्र विचार करावा लागतो. म्हणून जुने कागद दडवून ठेवू नका.

याखेरीज पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर केला तर रक्तस्राव कमी होतो. रोग्याला थंडी वाजू दिली नाही तर रक्त नीट गोठते. कापलेल्या वाहिन्या जागच्या जागी विजेच्या उपकरणाने बंद करतात. मांडीच्या हाडाला पाडलेले छिद्र त्याच रोग्याच्या हाडाच्या तुकड्याने बुजवतात. यांतली एकही गोष्ट चमत्कार नव्हे. प्रत्येकीने थोडे थोडे रक्त वाचते आणि त्या थोड्याथोड्याची बेरीज एक पिशवी होते.

तिसरी गोष्ट नंतरची. आमच्या पिढीतील डॉक्टरांना शिकवले गेले होते की हिमोग्लोबिन १० च्या खाली आले की रक्त द्या. हा नियम १९४२ पासून चालत आला होता. पुढे तो तपासून पाहिला गेला. अमेरिका आणि कॅनडात खुब्याचे हाड मोडलेल्या २०१६ वृद्ध रोग्यांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना १० च्या खाली येताच रक्त दिले. उरलेल्यांना ८ च्या खाली आल्यावर, किंवा त्रास दिसला तर दिले. दोन्ही गटांत चालण्याच्या शक्तीत वा मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे आता केवळ आकडा पाहून रक्त देत नाहीत. छातीत दुखते का, धाप लागते का, उभे राहताना चक्कर येते का, हे पाहतात. द्यायचे झाले तरी एक पिशवी देऊन पुन्हा तपासतात. "शक्ती येईल" म्हणून रक्त मागणाऱ्या नातेवाइकांना मी सांगते, रक्त हे टॉनिक नव्हे. त्याने ताप, पुरळ, फुप्फुसात पाणी असे त्रास होऊ शकतात. एड्स, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, तरी धोका शून्यावर येत नाही. मात्र याचा उलटा अर्थही काढू नका. जेव्हा डॉक्टर म्हणतात की आता रक्त दिलेच पाहिजे, तेव्हा एक क्षणही घालवू नये. रक्त वाचवणे म्हणजे रोग्याला रक्ताविना ठेवणे नव्हे.

आता पालकांसाठी एक सूचना, जी गुडघ्याशीच संबंधित आहे. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखला तर झीज समजतो. पण शाळकरी मुलाचे सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, मूल सारखे थकत असेल, तर "वाढीचे वय आहे" किंवा "अभ्यास टाळतो" म्हणून सोडू नका. सिकलसेलची तपासणी करा. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि पुढे तरुणपणीच खुब्याचे हाड निकामी होऊ शकते. हा आजार आपल्या भागात आदिवासी आणि इतर काही समाजांत अधिक आहे, पण तो धर्म विचारून येत नाही. त्यात आपल्याकडे चुलत, मामे, आते भावंडांत लग्ने होतात. एकाच आजोबांचा दोष दोघांकडे आलेला असू शकतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव चारात एक असतो. वाहक असणे हा ना आजार आहे, ना कलंक. लपवणे मात्र धोक्याचे आहे. निकाहची बोलणी करताना आपण घर पाहतो, नोकरी पाहतो. एक रक्ताची तपासणीही पाहावी.

शेवटी एक समाधानाची गोष्ट सांगते. काही काळापूर्वी बल्लारपूरकडच्या एक बाई गुडघ्यासाठी आल्या. हिमोग्लोबिन ९.४. पूर्वीची मी असते तर दोन पिशव्या लिहून दिल्या असत्या. या वेळी शस्त्रक्रिया सहा आठवडे पुढे ढकलली. मुलगा नाराज झाला, रजा मंजूर करून आला होता. तपासणीत वेदनेच्या गोळ्यांनी जठरात पडलेली जखम सापडली. गोळ्या बंद झाल्या, उपचार झाले, शिरेतून लोह दिले. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ते ९.९ होते. बाई काठी घेऊन वॉर्डात चालत होत्या. मुलगा मला म्हणाला, "डॉक्टरसाहेबा, मी तर अम्मीसाठी रक्त द्यायच्या तयारीने आलो होतो. आता?" मी म्हटले, "आता ज्याला लागेल त्याच्यासाठी द्या." तो गेला आणि देऊन आला. ते कोणाला मिळाले हे त्याला माहीत नाही, मलाही माहीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही अठरा वर्षांचे झालात की रक्तदान करू शकता. मुलांनी तीन महिन्यांनी, मुलींनी चार महिन्यांनी, प्रकृती चांगली असेल तर. तोवर घरातील एक काम करा. उद्या अम्मीला, दादीला घेऊन जा आणि त्यांचे हिमोग्लोबिन तपासून आणा. घरातील मोठ्या बहिणीचे आणि स्वतःचेही तपासा. आकडा वहीत लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. ज्या घरात आईचे हिमोग्लोबिन किती आहे हे मुलांना माहीत असते, त्या घराला शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रक्तासाठी धावावे लागण्याचा प्रसंग क्वचितच येईल.